'थांबा' म्हणणारा माणूस



इंदापूर-बारामतीकडची कॉलेजची मुलं हल्ली मोबाइलवर, भाड्याच्या कॅमेऱ्यावर लघुपट करतात, याचा मला मनापासून आनंद आहे. दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला तो अहमदनगरला शिकत असताना. पुढे 'सैराट'चं चित्रीकरण त्यांनी आपल्या शेजारच्या करमाळा तालुक्यात केलं आणि आपली गावं, आपली बोली पडद्यावर शोभते हे या पट्ट्यातल्या पोरांना कळलं. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी ओसरलं की पळसदेवचं पळसनाथाचं जुनं मंदिर पाण्याबाहेर येतं. असं लोकेशन फुकट मिळत असताना कोण सोडेल? म्हणून शूटिंगमधल्या सुरक्षिततेबद्दल बोलताना सुरुवात पाण्यापासूनच करतो.

21 मे 2024 ची संध्याकाळ आपण कुणीच विसरलेलो नाही. करमाळ्यातल्या कुगावहून आपल्या कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहत काठाला लागला. सहा जण बुडाले, त्यांत लहान मुलं होती. अंगावर लाइफ जॅकेटं नव्हती. ती माणसं शूटिंगला आली नव्हती, रोजच्या वाटेनं निघाली होती. आता त्याच होडीत कॅमेरा घेतलेला मुलगा उभा आहे, माइकवाला त्याच्या बाजूला झुकला आहे आणि सगळ्यांचे डोळे नटाकडे आहेत, असं समजा. आभाळाकडे कोण बघतंय? दिग्दर्शकाला हवा असतो मे महिन्यातला संध्याकाळचा सोनेरी उजेड, आणि वळवाचा वारा सुटतो तोही बहुधा त्याच वेळी. नावाडी 'आज नको' म्हणाला की विषय संपला पाहिजे. त्याला शंभर रुपये जास्त देऊन तयार करणं हा गुन्हाच आहे असं मी मानतो.

काठावरही सांभाळायचं. ओसरलेल्या पाण्याचा गाळ वरून वाळलेला दिसतो, पण आत पाय रुततो. पाण्याखाली बुडालेल्या गावांचे दगड आणि भिंती आहेत. उडी मारायचं दृश्य तिथे ठेवूच नका.

पैसे असले की सुरक्षितता आपोआप येते, असंही नाही. 7 नोव्हेंबर 2016 ला बंगळुरूजवळच्या तिप्पगोंडनहळ्ळी जलाशयावर 'मास्ती गुडी' या कन्नड चित्रपटाचं शूटिंग चाललं होतं. हेलिकॉप्टर भाड्यानं आणलेलं होतं. नायकासह तिघांनी त्यातून पाण्यात उड्या घेतल्या. नायक वाचला, पण खलनायकाच्या भूमिकेतले दोघे बुडाले. त्यांना नीट पोहता येत नव्हतं आणि त्यांच्या अंगावर लाइफ जॅकेटही नव्हतं. हेलिकॉप्टर पडद्यावर दिसतं, कपड्याखालचं जॅकेट दिसत नाही. जे दिसत नाही त्याचा खर्च आधी कापला जातो. मोठ्यांच्या सेटवर होतं तेच आपल्या मुलांच्या दहा-वीस हजारांच्या बजेटमध्येही होतं.

म्हणून माझं मुख्य मागणं हे आहे. युनिट सहा जणांचं असलं तरी त्यातल्या एकाकडे दुसरं कुठलंही काम देऊ नका. त्यानं फक्त धोका बघायचा. तो दिग्दर्शक नको, कॅमेरामनही नको. दोघांचंही लक्ष चौकटीत अडकलेलं असतं. सगळ्यांत धाकट्या मुलालाही उभं करू नका, कारण त्याचं कुणी ऐकत नाही. सकाळी सगळ्यांसमोर धोका बघणाऱ्याचं नाव सांगा. तो 'थांबा' म्हणाला की टेक थांबला, वाद पॅकअपनंतर घाला. याला पैसा लागत नाही, दिग्दर्शकाला मन मोठं करावं लागतं.

या माणसाचं लक्ष कॅमेऱ्यापलीकडेही हवं. मार्च 2023 मध्ये पन्हाळ्यावर एका ऐतिहासिक मराठी चित्रपटाचं शूटिंग होतं. घोड्यांची देखभाल करायला आलेला 19 वर्षांचा तरुण रात्री तटावरून खाली कोसळला आणि उपचार चालू असताना गेला. त्या वेळी तो कुठल्याही दृश्यात नव्हता. आपल्याकडे पन्हाळ्यासारखा तट नसला, तरी कठडा नसलेल्या विहिरी शेताशेतांत आहेत. रात्रीच्या शूटिंगला त्यांच्याभोवती दोरी आणि दिवा हवाच.

विजेचं थोडक्यात सांगतो. मोटारीच्या पेटीतून उघड्या वायरी ओढून हॅलोजन लावू नका. गावातला जाणता वायरमन बोलवा आणि 30 मिलीअँपिअर गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी स्विच बसवून घ्या. पाणी दिलेल्या उसात वायर टाकूच नका.

आणि झोप. 1997 मध्ये अमेरिकेत 'प्लेझंटव्हिल'च्या सेटवरचा एक सहायक कॅमेरामन 19 तासांचं काम आटोपून गाडीनं घरी निघाला आणि चालवता चालवता डोळा लागून अपघातात गेला. हॅस्केल वेक्सलर या थोर छायाचित्रकारानं त्या मृत्यूवरून माहितीपटच केला. आपली मुलं पहाटे तीनला पॅकअप करतात आणि भाड्याचा कॅमेरा सकाळी परत द्यायचा म्हणून पुणे-सोलापूर महामार्गावर मोटारसायकली काढतात. कॅमेऱ्याचं आणखी एका दिवसाचं भाडं बजेटमध्ये पहिल्या ओळीत लिहा.

इथे बसलेल्या शेतकरी मंडळींनाही विनंती आहे. पोरं तुमच्या रानात शूटिंगला आली, तर विहीर कुठे आहे, वायर कुठून गेली आहे, हे दिवसाउजेडी फिरवून दाखवा. जवळचा दवाखाना सांगा, 108 ला फोन करताना वस्तीची खूण काय सांगायची तेही सांगा. आणि रात्री काम संपलं की त्यांना पडवीत झोपू द्या.