घोड्याचा स्वभाव आणि माणसाचा हात

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक संमेलनातील व्याख्यान)



शाळेच्या साठाव्या वर्षी या व्यासपीठावरून बोलण्याचा मान मला मिळाला, याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. विषय निवडण्याची मोकळीक त्यांनी दिली आणि मी घोडा निवडला. सैन्यातील पशुवैद्य म्हणून माझी उमेदीची सारी वर्षे घोड्यांच्या सहवासात गेली, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण आपल्या ग्वाल्हेरचे. या गावात मराठी भाषा आली ती शिंद्यांच्या घोडदळाबरोबर. पागा, बारगीर, शिलेदार, मोतद्दार, चाबुकस्वार हे शब्द येथल्या जुन्या मराठी घरांना पुस्तकातून शिकावे लागले नाहीत. स्वातंत्र्यानंतर संस्थानी घोडदळे एकत्र करून १९५३ साली जी घोडेस्वार रेजिमेंट उभी राहिली, तीच पुढे ६१ वी कॅव्हलरी म्हणून ओळखली गेली. तिच्यातही ग्वाल्हेर, जोधपूर आणि म्हैसूर येथील घोडदळांचा अंश आहे.

घोड्याचा स्वभाव कसा ओळखावा, हा प्रश्न फार जुना. आपल्याकडे शालिहोत्राच्या नावाने अश्वविद्येची मोठी परंपरा आहे. अंगावरच्या केसांचे भोवरे, पायांचा पांढरेपणा, कपाळावरचा ठिपका यांवरून शुभाशुभ ठरवण्याची रीत तिच्यासोबत लोकांत रुजली. तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेत आजही भोवरे मोजून सौदे होतात आणि चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेल्या पंचकल्याणी घोड्याला चढा भाव मिळतो. मी या श्रद्धेची चेष्टा करीत नाही. मात्र भोवऱ्यावरून घोड्याचा स्वभाव कळला, असा अनुभव मला कधी आला नाही. स्वभाव कळतो तो त्याच्या कानांवरून, डोळ्यांवरून, श्वासावरून. आणि त्यासाठी त्याच्याजवळ निमूटपणे उभे राहावे लागते.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ ३५० अंशांचा परिसर दिसतो. दिसत नाही ती कपाळासमोरची अगदी जवळची जागा आणि शेपटीमागची जागा. म्हणून मागून मुकाट्याने आलेल्या माणसाला तो लाथ मारतो, तेव्हा त्यात दुष्टपणा नसतो. उजेडातून अंधाऱ्या तबेल्यात शिरताना तो थबकतो, कारण अंधाराला सरावायला त्याच्या डोळ्यांना आपल्यापेक्षा अधिक वेळ लागतो. आधी पळावे आणि मग विचार करावा, या रीतीनेच त्याची जात टिकली. हे जन्मजात भय प्रत्येक घोड्यात असते. निरनिराळ्या घोड्यांत ते निरनिराळ्या रूपाने प्रकट होते, इतकेच.

बुजऱ्या घोड्यात ते उघड दिसते. वाऱ्याने उडालेला कागदही त्याला वाघासारखा भासतो. अशा वेळी चाबूक मारला, तर कागद आणि वेदना यांची त्याच्या मनात कायमची गाठ बसते. ग्रीक सेनानी झेनोफन याने सुमारे २,३५० वर्षांपूर्वी अश्वारोहणावर ग्रंथ लिहिला. रागाच्या भरात घोड्याजवळ कधीही जाऊ नये आणि बिचकलेल्या घोड्याला मारझोड केल्यास त्याचे भय वाढतेच, असे त्याने त्यात बजावले आहे. बुजऱ्या घोड्याला त्या वस्तूपासून त्याला सोसवेल इतक्या अंतरावर उभे करावे, त्याने मान खाली घालून श्वास सोडेपर्यंत थांबावे आणि मग एक पाऊल पुढे जावे. जिथे मान आणि पाठ मिळतात तिथे घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात. तीच जागा माणसाने शांतपणे खाजवली की त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात.

तापट घोड्याची गोष्ट वेगळी. तो भराभर शिकतो आणि तितक्याच भराभर चिडतो. त्याला रोज तेच ते काम दिले की तो उधळतो. त्याचे धडे लहान असावेत आणि लगामावरचा हात हलका असावा. त्याच्या तापटपणाचा हिशेब मात्र आधी तबेल्यात तपासावा. घोडा मोकळ्या रानात दिवसाचे चौदा-सोळा तास चरत असतो. त्याला आपण चार भिंतींत बांधतो, वैरण कमी आणि चंदी जास्त देतो, फिरवीत नाही आणि मग तो तापट आहे म्हणतो. भाकरी करपणे, पान सडणे आणि घोडा अडणे या तिन्हींचे एकच कारण सांगणारे कोडे आपल्या आज्या घालत असत. ‘न फिरवल्याने’ हे त्याचे उत्तर कोणत्याही अश्वशास्त्राच्या ग्रंथात शोभेल.

थंड किंवा मठ्ठ म्हटला जाणारा घोडा बहुधा बहिरा केलेला असतो. स्वार त्याला सारखा टाचा मारीत राहतो. घोडा चालू लागला तरी टाच थांबत नाही. मग टाचेला अर्थच उरत नाही. घोडा शिकतो तो दाब सुटण्याच्या क्षणी. त्याने योग्य पाऊल टाकताच दाब सुटला, तर ‘हेच हवे होते’ असे त्याला कळते. दाब उशिरा सुटला, तर तोवर त्याने केलेली दुसरीच कृती त्याच्या ध्यानात राहते. चांगला चाबुकस्वार ओळखावा तो हात किती चटकन सैल होतो यावरून.

राहिला अडेल, म्हणजे ज्याला आपण ‘खोडीचा’ म्हणतो तो घोडा. यातली एक हकिगत सविस्तर सांगतो, कारण तिच्यात एका घोडीच्या आयुष्याचा प्रश्न होता. सात वर्षांची कुमैत घोडी, चालीला देखणी. लगाम चढवायला गेले की डोके झटकायची आणि स्वार बसला की मागच्या पायांवर उभी राहायची. दोन स्वार पडले होते. कागदावर ‘दुष्ट स्वभाव’ असा शेरा बसला होता आणि तिला काढून टाकण्याची शिफारस झाली होती. अशा घोड्याचा पुढचा मुक्काम बहुधा लिलाव असतो आणि त्यानंतरचा मुक्काम कोणी विचारीत नाही.

मी तिचे तोंड उघडून पाहिले. घोड्याचे दात आयुष्याचा बराच काळ हिरडीतून वर सरकत राहतात आणि वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळे वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा सुरीसारख्या धारदार होतात. तिच्या दोन्ही गालांना आतून जखमा होत्या. लगाम ओढला की गाल त्या धारेवर घासला जात होता. आम्ही कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या. जखमा थोड्याच दिवसांत भरल्या. तरी लगाम पाहताच घोडी मान उंचावतच राहिली. दुखणे गेले होते, दुखण्याची आठवण गेली नव्हती. मग एका वयस्क सईसाने तिला दोन महिने लगामाशिवाय, केवळ मोहरकीवर, लांब दोरीने वर्तुळात फिरवले. जुन्या मराठीत याला ‘कावा देणे’ म्हणत. पुढे लगामाच्या लोखंडाला गूळ लावून तो तिच्यासमोर नुसता धरू लागला. एके दिवशी तिने आपण होऊन तोंड उघडले. शेरा खोडला गेला. पुढे कित्येक वर्षे नव्या रंगरुटांना बसायला शिकवण्याचे काम त्याच घोडीने केले.

घोडा आपल्याला किती वाचतो, हेही सांगायला हवे. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हान्स नावाच्या घोड्याने खूर आपटून गणिते सोडवण्याची कीर्ती मिळवली. त्याचे मालक फॉन ओस्टेन हे निवृत्त गणितशिक्षक होते. ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने १९०७ साली दाखवून दिले की, प्रश्नकर्त्याला स्वतःला उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो दिसत नसेल, तर हान्सही चुकतो. योग्य आकडा येताच माणसाच्या मानेत नकळत होणारी सूक्ष्म हालचाल तो टिपत असे. लोकांना त्यात फसवणूक दिसली. मला घोड्याची बुद्धी दिसते. जो प्राणी इतके बारीक पाहतो, त्याच्यापासून आपली भीती किंवा राग लपत नाही. म्हणूनच नव्या स्वाराला मुरलेला घोडा आणि नव्या घोड्याला मुरलेला स्वार द्यावा, हा घोडदळाचा जुना नियम आहे. दोघेही कच्चे असले, तर दोघेही बिघडतात.

मूल म्हणजे घोडा नव्हे, आणि ही तुलना मी फार ताणणार नाही. परंतु शेरे माणसांच्या शाळेतही लिहिले जातात: भित्रा, तापट, मठ्ठ, हट्टी. यांतला एखादा शेरा लिहिण्यापूर्वी, किंवा घरी तो उच्चारण्यापूर्वी, कुठे काही दुखते आहे का हे पाहावे. पोराला पुरेसे फिरायला, खेळायला मिळते का, हे विचारावे. त्याने योग्य पाऊल टाकले तेव्हा आपला दाब सुटला होता का, हेही एकदा आठवून पाहावे. या शाळेत सर्व स्वभावांची मुले एकाच वर्गात बसत आणि आमचे गुरुजन प्रत्येकाला वेगळ्या आवाजात हाक मारीत. त्या हाकांचे मोल मला पुढे तबेल्यात कळले.

 शाळेला शतायुषी होण्यासाठी शुभेच्छा देतो आणि आपली रजा घेतो.