नाशिक ते डहाणू : एका दिवसाच्या सायकलमार्गाची आखणी

समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरील नाशिकहून निघून त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार आणि विक्रमगडमार्गे डहाणूच्या किनाऱ्यावर उतरणारा मार्ग सायकलस्वाराला एकाच दिवसात सह्याद्री आणि सागर दोन्ही दाखवतो; तथापि सारा प्रवास उताराचाच असेल, हा समज नकाशा पाहिल्याबरोबर गळून पडतो. चढण, म्हणजे चढलेली उंची भागिले कापलेले अंतर, ही सरासरीने काढल्यास फसवी ठरते, कारण त्र्यंबकेश्वरपर्यंतच्या सुमारे ३० किलोमीटरांत रस्ता हळूहळू वर चढतो, पुढे तोरंगणच्या घाटात एकदम खाली झेपावतो आणि सुमारे ४५० मीटर उंचीवरील जव्हारच्या पठारापर्यंत पुन्हा चढउतार करीत राहतो. म्हणूनच मार्ग आखताना एकूण अंतराआधी टप्प्याटप्प्याची चढण मोजणे अधिक शहाणपणाचे असते.

दुसरा हिशेब वाऱ्याचा. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्राकडून वारा येतो. हे खारे वारे दुपारी पश्चिमेकडे निघालेल्या स्वाराच्या नेमके तोंडावर बसतात, त्यामुळे पहाट फुटण्यापूर्वी निघून जव्हार उन्हे चढण्याआधी गाठणे इष्ट. घाटात ब्रेक सतत दाबून धरल्यास घर्षणाने चाकाची कड तापते, म्हणून तो वळणापूर्वी दाबावा आणि वळणात सोडावा. परतीची सोय मात्र आधीच पाहावी लागते, कारण डहाणू पश्चिम रेल्वेवर आणि नाशिकरोड मध्य रेल्वेवर आहे.