शून्य-शून्य
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सूत्रसंचालकांनी मला कोलकात्याचे अनुभव सांगायला पाच मिनिटं दिली आहेत. रसगुल्ल्यावर बोलत नाही. खवा आणि कुंथलगिरीचा पेढा खाऊन वाढलेल्या भूमकरांपुढे मिठाईचं कौतुक काय करायचं! मी एका फुटबॉलच्या सामन्याबद्दल सांगणार आहे.

आपल्या वेळी शाळेत खो-खो होता, कबड्डी होती, क्रिकेट तर गल्लीबोळात होतं. फुटबॉल म्हणजे खेळाच्या कपाटातला हवा गेलेला एक चेंडू. त्यामुळे बँकेच्या बदलीनं कोलकात्याला गेल्यावर मी एकदम वेगळ्याच गावात पडलो. तिथं भाजीवालासुद्धा आधी कालच्या मॅचचं बोलतो, मग वांग्याचा भाव सांगतो.

६ जून २०२४ रोजी तिथं भारत आणि कुवेत यांच्यात विश्वचषकाच्या पात्रता फेरीचा सामना होता. सुनील छेत्रीनं आधीच जाहीर केलं होतं, की हा आपला देशासाठीचा शेवटचा सामना. १९ वर्षं, १५१ सामने, ९४ गोल. त्या वेळी खेळत असलेल्यांमध्ये देशासाठी त्याच्याहून जास्त गोल फक्त रोनाल्डो आणि मेस्सी यांचे होते. मी आणि माझी सातवीतली मुलगी सियालदहहून मेट्रोनं निघालो. डब्यात निम्मी माणसं निळ्या जर्सीत, पाठीवर ११ नंबर.

सॉल्ट लेक स्टेडियममध्ये त्या दिवशी जवळजवळ ५९ हजार माणसं होती. आपला भूमचा आठवडी बाजार कितीही भरला तरी त्यावरून अंदाज यायचा नाही. गटातले पहिले दोन संघ पुढच्या फेरीत जाणार होते. त्या फेरीत भारत आजवर कधीच पोहोचला नव्हता, म्हणून जिंकणं गरजेचं होतं. उत्तरार्धाच्या सुरुवातीला रहीम अली एकटा गोलकीपरसमोर गेला. सगळं स्टेडियम उभं राहिलं, आणि कुवेतच्या गोलकीपरनं तो फटका अडवला. नव्वद मिनिटं झाली. शून्य-शून्य.

मला वाटलं, आता लोक वैतागून उठतील, गेटवर गर्दी व्हायच्या आत निघावं. पण कोणी हलेना. छेत्री हात जोडून प्रेक्षकांसमोरून फिरला. सहकाऱ्यांनी दोन रांगा करून त्याला मानवंदना दिली. तो रडत होता. माझ्या शेजारी सत्तरीचे एक आजोबा बसले होते. मोडक्या हिंदीत म्हणाले, "२००४ साली जपाननं आपल्याला याच मैदानावर चार-शून्य हरवलं, तेव्हाही मी इथंच बसलो होतो." मी विचारलं, "मग परत का येता?" ते म्हणाले, "खेळायला तर मला येत नाही. यायला येतं."

पुढं ११ जूनला दोह्यात कतारकडून भारत १-२ हरला आणि पात्रता हुकली. छेत्री मार्च २०२५ मध्ये निवृत्ती मागं घेऊन पुन्हा मैदानात आला आणि शिलाँगला मालदीवविरुद्ध त्यानं गोलही केला. निरोप समारंभानंतर परत भेटता येतं, हे आज या मांडवात बसलेल्यांना वेगळं सांगायला नको!

पण मला सांगायचंय ते पुढंच आहे. २०१८ च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीला भारतानं चायनीज तैपेईला पाच-शून्य असं हरवलं, त्यात छेत्रीचे तीन गोल होते. बघायला माणसं किती? २५६९. त्यानंतर त्यानं एका व्हिडिओतून लोकांना विनंती केली: आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर येऊन द्या. केनियाविरुद्धच्या पुढच्याच सामन्याची सगळी तिकिटं संपली. देशाच्या कर्णधाराला बक्षीस नको होतं, पैसे नको होते. बघायला माणसं हवी होती.

तेव्हा मला आपल्या शाळेच्या मुली आठवल्या. आज त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांचा खो-खोचा संघ टेम्पोत बसून जिल्ह्याला गेला होता. सरांनी स्वतःच्या हातानं फक्की मारलेल्या मैदानावर महिनाभर सराव झाला होता. जिल्ह्याच्या त्या सामन्याला आपल्या बाजूनं टाळ्या वाजवायला होते सर, शिपाईमामा आणि टेम्पोचा ड्रायव्हर. घरचे लोक शेतात होते. खुरपणीचे दिवस, त्यांना बोल कसा लावणार? त्या जिल्ह्यातून पुढं सारिका काळे घडल्या, २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. मैदानाकडेला उभं राहून कोणीतरी बघत होतं, म्हणून अशी मुलं खेळत राहतात.

आपण आज शाळेला निधी देतोय, ही चांगलीच गोष्ट आहे. चेंडू येतील, जाळी येईल. पण आजही इथली पोरं तालुक्याला खेळायला जातात तेव्हा कडेला कोण असतं? पुण्या-मुंबईच्या मित्रांना दर वेळी जमणार नाही. पण भूम, परंडा, वाशी, बार्शी इथं राहणारे आपण तीसेक जण तरी आहोत.

सरांना माझी विनंती आहे, की यंदाच्या तालुका स्पर्धांची तारीख ग्रुपवर टाका. आपल्यापैकी दहा जण तरी जाऊ. पोरं जिंकोत, हरोत, नाहीतर शून्य-शून्य होवो, शेवटपर्यंत बसू. मी आता बदली होऊन सोलापूरला आलोय. सतरंजी माझ्याकडे लागली.