आधी कोणाचं जाळं कुरतडायचं?

दूरदर्शन बघत जी पिढी वाढली तिला ‘एक अनेक और एकता’ हा छोटा चित्रपट नक्की आठवत असेल. त्यात एक मोठी मुलगी लहानग्यांना एक आणि अनेक यांतला फरक समजावते, मग जाळ्यात सापडलेल्या पाखरांची गोष्ट सांगते. पाखरं एकदम जोर लावून जाळ्यासकट उडतात आणि त्यांचे मित्र उंदीर जाळं कुरतडतात. फिल्म्स डिव्हिजनचा हा १९७४ सालचा अॅनिमेशनपट. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, चित्रांकन भीमसेन यांचं आणि संगीत आपल्या वसंत देसाईंचं.

साल लक्षात घ्या. १९७४ मध्ये रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला, बिहारमध्ये जयप्रकाशांचं आंदोलन पेटलं आणि पुढच्याच जूनमध्ये आणीबाणी आली. अशा काळात सरकारी संस्थेनं एकीचा धडा द्यावा, यात राजकारण नव्हतं असं कसं म्हणावं? तरीही याला निव्वळ प्रचारपट म्हणणं मला पटत नाही. इथे जाळं उचलायला बाहेरचा कोणी बलवान येत नाही, पाखरंच ते उचलतात. आमच्या शहापूरच्या धानाच्या बांधीत हे शिकवावं लागत नाही. एकट्यादुकट्यानं रोवणी होत नसते.

पण एक उणीव मला जाणवते. चित्रपटातलं गाणं रंग, रूप, वेश, भाषा यांचं वेगळेपण सांगतं. जातीबद्दल मात्र ते गप्प आहे. वेगळेपण आणि उच्चनीचता या दोन गोष्टी एक नव्हेत. फुलं वेगवेगळी असली तरी माळेत शोभतात, पण ज्याला माळेपासूनच दूर ठेवलं त्यानं काय करावं? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी हीच विसंगती दाखवली होती. राजकारणात समता येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील, असा त्यांचा इशारा होता. हेच बाबासाहेब १९५४ साली आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि पराभूत झाले, हे आपण विसरू नये.

पंचतंत्रातल्या मूळ कथेत याचं उत्तर सापडतं. कबुतरांचा राजा चित्रग्रीव हिरण्यक उंदराला म्हणतो, आधी माझ्या सोबत्यांचे पाश तोड, माझे नंतर. एकत्र उडणं ही एकीची पहिली पायरी झाली. खाली उतरल्यावर आधी कोण मोकळं होतं, यावर तिची खरी पारख होते.

हा चित्रपट आजही मुलांना जरूर दाखवा. सात-आठ मिनिटांचं काम आहे. संपल्यावर टाळ्या वाजवून उठू नका. मुलांना एवढंच विचारा, की उंदरानं आधी कोणाचं जाळं कुरतडावं? त्यांची उत्तरं ऐकण्यासारखी असतील.