काकू, बाळाचा फोटो नको
(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमातील भाषण)



मधुरा बाचल यांनी २००९ साली यूट्यूबवर पाककृती दाखवायला सुरुवात केली, तेव्हा त्या इथे अमेरिकेतच राहत होत्या. त्यानंतर असे कितीतरी मराठी चेहरे आपल्या ओट्यापर्यंत आले. रोज बघून ते घरचेच वाटू लागतात. त्यांना मात्र आपलं नावही ठाऊक नसतं!

गेल्या वर्षी एडिसनला ओक ट्री रोडवर, किराणा दुकानात, अशीच एक मुलगी दिसली. फार प्रसिद्ध नाही, पण मी तिचे सगळे व्हिडिओ पाहिलेले. "अगं, तू!" म्हणत मी तिचा हातच धरला. कडेवर रडणारं बाळ, दुसऱ्या हातात कोथिंबिरीच्या जुड्या. मी फोटो काढला आणि तिथल्या तिथे ग्रुपवर टाकलासुद्धा.

ती हळूच म्हणाली, "काकू, बाळाचा चेहरा मी कुठेच दाखवत नाही हो."

मी फोटो लगेच पुसला, पण तोवर तो दोघींनी पुढे पाठवला होता. पुढे कुठे गेला, देव जाणे.

पूर्वी कलाकार आपल्या घरी उतरायचे, पण ते कार्यक्रमाला आलेले असत. ही कोथिंबीर घ्यायला आली होती! आता मी आधी नाव सांगते, दोन वाक्यांत कौतुक करते आणि फोटोचं विचारते. मुलं सोबत असली तर तेही नाही.

आज आपल्यातही असे एक पाहुणे बसले आहेत. भेटा जरूर, पण त्यांचं मसाला दूध तेवढं पिऊन होऊ द्या.