गावचे ग्रंथालय आणि त्याची तालिका

(ग्रंथालय-कार्यकर्ते, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



पुणे–लोणावळा लोहमार्गावर देहूरोड व घोरावाडी या स्थानकांच्या दरम्यान बेगडेवाडी हे मावळातील लहानसे स्थानक आहे. लांब पल्ल्याच्या गाड्या तेथे थांबत नाहीत. थांबते ती लोकल. परगावच्या माणसाला हे कळते ते वेळापत्रकावरून. वेळापत्रकात नाव नसेल, तर स्थानक जागेवर असूनही त्याच्या लेखी ते नसल्यासारखेच. ग्रंथालयातील पुस्तकाची गत अशीच असते. पुस्तक कपाटात आहे, पण तालिकेत त्याची नोंद नाही, तर वाचकाच्या दृष्टीने ते ग्रंथालयात नाही.

कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयांसाठी कायदा केला. पुढे १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम संमत झाला आणि खेडोपाडीच्या ग्रंथालयांना शासनमान्यतेचा व अनुदानाचा मार्ग मोकळा झाला. मात्र अनुदानातून घेतलेले पुस्तक सार्थकी लागते ते योग्य वाचकाच्या हाती पडल्यावर. शंभर पुस्तकांच्या संग्रहात ग्रंथपालाची स्मरणशक्ती पुरते. हजारांच्या संग्रहात ती अपुरी पडते. आणि ग्रंथपाल बदलला म्हणजे ती त्याच्याबरोबरच निघून जाते. संग्रहाची माहिती एका व्यक्तीच्या डोक्यात न राहता संस्थेच्या मालकीची व्हावी, हा तालिकेचा हेतू होय.

नोंदवही वेगळी, तालिका वेगळी

पुष्कळ ठिकाणी दाखल नोंदवही व्यवस्थित ठेवलेली असते. तिलाच तालिका समजण्याची चूक मात्र होते. दाखल नोंदवही हा मालमत्तेचा हिशेब आहे. पुस्तक केव्हा आले, कोणाकडून आले, किंमत काय, हे ती सांगते. तपासणीच्या वेळी ती पुढे ठेवावी लागते. वाचक मात्र तारखेने पुस्तक मागत नाही. तो लेखकाचे नाव सांगतो, पुस्तकाचे नाव सांगतो, किंवा विषय सांगतो. या तिन्ही वाटांनी त्याला एकाच पुस्तकापर्यंत पोचविणे हे तालिकेचे काम आहे. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथ्याचा भर वाचकाचा वेळ वाचविण्यावर आहे, तो याच अर्थाने.

ही विद्या शिकविण्याची परंपरा मराठी वाचकाला परकी नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेतील ग्रंथालयतज्ज्ञ बोर्डन यांना १९१० साली पाचारण केले आणि त्यांच्या हाताखाली ग्रंथालय-शिक्षणाचा वर्ग सुरू झाला. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ सिद्ध केली आणि पुढच्या भागात ती १९५० पर्यंत आणली. एका व्यक्तीच्या चिकाटीने भाषेच्या दीड शतकाची नोंद होऊ शकते, तर एका गावाच्या हजार पुस्तकांची का होऊ नये?

पहिले धडे

तालिकापत्रावरील माहिती मुखपृष्ठावरून न घेता आतील शीर्षकपृष्ठावरून घ्यावी. मुखपृष्ठावर नाव सजावटीसाठी आखडलेले असू शकते. लेखक, पुस्तकाचे नाव, आवृत्ती, प्रकाशनस्थळ, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठसंख्या, हा क्रम एकदा ठरला की तो मोडू नये. जुन्या पुस्तकांवर शके दिलेला असतो. त्यात ७८ मिळविले की सामान्यतः इसवी सन येतो. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या प्रकाशनासाठी ७९ मिळवावे लागतात.

यानंतर वर्गांक. ड्यूई यांच्या १८७६ च्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६, त्यातील काव्याला ८९१.४६१ आणि भातशेतीला ६३३.१८ असे अंक आहेत. हाच अंक पुस्तकाच्या पाठीवर व तालिकापत्रावर लिहिला, की पत्र वाचकाला थेट कपाटापाशी नेते.

नावांचा पेच

शिकाऊ ग्रंथपालाची खरी कसोटी नावांत लागते. कविता ‘कुसुमाग्रज’ या नावाने आणि नाटके वि. वा. शिरवाडकर या नावाने, लेखक एकच. विभावरी शिरूरकर म्हणजेच मालतीबाई बेडेकर आणि विवाहापूर्वीच्या बाळूताई खरे. ग्रंथालयाने एक नाव पक्के करावे, त्याखाली सर्व पुस्तके नोंदवावीत आणि उरलेल्या नावांसाठी ‘पहा’ अशी निर्देशक पत्रे घालावीत. पक्क्या केलेल्या नावांची स्वतंत्र वही ठेवली, तर नवा ग्रंथपाल जुन्याचा निर्णय मोडणार नाही.

ग्रंथनामांतही हा पेच असतो. लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेने, जिची स्थापना स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली केली, स्वात्मारामांचा ग्रंथ ‘हठप्रदीपिका’ या नावाने संपादून प्रसिद्ध केला; इतरत्र तोच ग्रंथ ‘हठयोगप्रदीपिका’ म्हणून छापला जातो. दोन्ही नावे एका ठिकाणी आणली नाहीत, तर अभ्यासकाला अर्धाच संग्रह दिसेल. स्थळनामांचेही तसेच. नुसते ‘तळेगाव’ लिहिले, तर मावळातील तळेगाव दाभाडे की शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरे, हे कळणार नाही.

विषय वाचकाच्या भाषेत

मावळ हा भाताचा मुलूख. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राचे एखादे माहितीपत्रक ग्रंथालयात आले आणि ‘तृणधान्ये’ एवढ्याच शीर्षकाखाली नोंदले गेले, तर ‘भात’ शोधणारा शेतकरी रिकाम्या हाताने परत जाईल. अशा वेळी ‘भात’ हे शीर्षक घ्यावे आणि ‘साळ’ व ‘धान’ या शब्दांवरून ‘भात पहा’ असा निर्देश करावा. शेतकऱ्याला पेरणीपूर्वी हवे असलेले पान पेरणीनंतर सापडून उपयोग नाही.

माहितीपत्रके, शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, कार्ले–भाजे लेण्यांवरील पुस्तिका, पवना धरणासंबंधीची निवेदने, ही सामग्री पुस्तकांच्या दुकानात पुन्हा मिळत नाही. कथा-कादंबरी हरवली तर दुसरी प्रत घेता येते. गावच्या स्मरणिकेची ती कदाचित शेवटचीच प्रत असेल. तिची नोंद आधी व्हावी.

तालिका राखणे

तालिका एकदा तयार केली की काम संपले, असे नाही. न राखलेली तालिका नसलेल्या तालिकेपेक्षा अधिक फसवी, कारण ती नसलेले पुस्तक आहे म्हणून सांगते. यासाठी काही नियम कटाक्षाने पाळावेत.

नवे पुस्तक नोंद झाल्यावाचून देवघेवीस देऊ नये. मुख्य पत्राच्या मागे त्या पुस्तकाच्या सर्व पूरक पत्रांची यादी लिहावी. म्हणजे पुस्तक निर्लेखित झाल्यावर प्रत्येक पत्र शोधून काढता येते. दाखल नोंदवहीतील ओळ मात्र खोडू नये. शेऱ्याच्या रकान्यात ठरावाचा क्रमांक व दिनांक लिहावा आणि तो दाखल क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला कधीही देऊ नये. वर्षातून एकदा कपाटातील पुस्तके व नोंदी ताडून पाहाव्यात. न सापडलेले पुस्तक लगेच बाद न करता त्यावर खूण करावी. पुढील पडताळणीत पुष्कळ पुस्तके चुकीच्या कपाटात सापडतात.

संगणक आला तरी

राष्ट्रीय सूचना केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ किंवा मुक्त स्वरूपाची ‘कोहा’ यांसारख्या प्रणालींमुळे पत्रे लावण्याचे कष्ट वाचले आहेत. विचाराचे कष्ट वाचलेले नाहीत. एकाच लेखकाचे नाव दोन तऱ्हांनी टंकित झाले, तर संगणक त्याला दोन लेखक मानतो. नोंदी युनिकोड देवनागरीतच कराव्यात. जुन्या खासगी टंकांत केलेल्या नोंदी संगणक बदलताच वाचता येईनाशा होतात. नोंदींची एक प्रत ग्रंथालयाबाहेरही जपून ठेवावी.

हे काम एकट्या ग्रंथपालावर सोपवून भागणार नाही. अल्प मानधनावर सायंकाळी दोन-तीन तास काम करणाऱ्या सेवकाकडून देवघेव, वसुली आणि तालिका या तिन्हींची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. शिक्षकांनी सुटीत वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून शीर्षकपृष्ठाची माहिती उतरवून घ्यावी. त्यात मुलांचेही शिक्षण आहे. पंचायतीने आपली प्रकाशित कागदपत्रे एक प्रत ग्रंथालयाला देण्याची प्रथा पाडावी. व्यवस्थापक मंडळाने सेवकाला प्रशिक्षणवर्गास पाठवावे आणि मासिक सभेत किती पुस्तके घेतली याबरोबरच किती पुस्तकांची नोंद पूर्ण झाली, हेही विचारावे. दिवसाला दहा नोंदी झाल्या, तर हजार पुस्तकांचे काम शंभर दिवसांत उरकते. त्यानंतर राहते ते रोजचे थोडे काम. आणि त्या थोड्या कामावरच पुढच्या पिढीला गावचे पुस्तक सापडेल की नाही, हे अवलंबून आहे.