वेल्ह्यातली घरं आणि चुली

2001 ते 2011 या दशकात पुणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 72 लाखांवरून 94 लाखांवर गेली. त्याच काळात वेल्हे तालुक्याची, म्हणजे आजच्या राजगडची, थोडी घटली. 2011 ला तिथं मोजली गेली जेमतेम साडेचौपन्न हजार माणसं. तालुक्यात एकही शहर नाही. मुख्यालयाचं वेल्हे बुद्रुक हेही खेडंच. शेजारच्या भोरमध्ये 1 लाख 86 हजार, त्यांतले भोर नगरपालिकेच्या हद्दीत 18 हजारांच्या आसपास.

वेल्ह्यातली माणसं घटण्याची कारणं उघड आहेत. डोंगरउतारावरचं पावसावरचं भात, धरणांखाली गेलेली खाचरं आणि हाकेच्या अंतरावर पुणं.

पण माणसं कमी झाली म्हणून घरं कमी होतातच असं नाही. जनगणनेत कुटुंब म्हणजे एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. भाऊ वेगळे झाले, दुसरी चूल पेटली, की कागदावर कुटुंब वाढलं! आणि कुलूपबंद घरही घर म्हणून मोजलं जातंच. म्हणून गावचा पाणीपुरवठा आखताना निव्वळ डोकी मोजून भागत नाही. जत्रेला आणि गणपतीला ही कुलपं उघडतात, तेव्हा टाकी तेवढीच असते.